हायब्रिड गाडी विजेवर नेमकी किती चालते आणि मायलेज किती धरावे : घेणाऱ्यांसाठी आणि चालवणाऱ्यांसाठी

शोरूममध्ये हायब्रिड गाडी दाखवताना दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक म्हणजे ‘शहरात ही निम्म्याहून जास्त वेळ विजेवरच चालते’ आणि दुसरे म्हणजे ‘ॲव्हरेज अठ्ठावीस’. दोन्ही वाक्यांना आधार आहे, पण तो आधार नीट समजून न घेता गाडी घेतली, की तीन-चार महिन्यांत कुरकुर सुरू होते. प्रत्यक्षात गाडीत बिघाड नसतो, हिशोबच चुकीच्या जागेपासून सुरू झालेला असतो. ज्या हायब्रिडला चार्जिंगचा प्लग नाही, तिच्यातली वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. विजेवर झालेले किलोमीटर फुकटचे नसतात. त्यांचे पेट्रोल आधीच जळलेले असते किंवा थोड्या वेळाने जळणार असते. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढचा हिशोब मांडला, तर अपेक्षा बऱ्यापैकी जमिनीवर राहतात.

आधी गाडी कोणत्या जातीची आहे ते पाहा

‘हायब्रिड’ हा शब्द आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गाड्यांना लावला जातो. मारुतीच्या ‘स्मार्ट हायब्रिड’सारख्या माइल्ड हायब्रिड गाड्यांत एक छोटी मोटर-जनरेटर पट्ट्याने इंजिनला जोडलेली असते. ती सिग्नलला बंद पडलेले इंजिन चटकन सुरू करते आणि पिकअपच्या वेळी थोडा हातभार लावते. केवळ विजेवर ही गाडी एक मीटरही पुढे सरकत नाही. त्यामुळे ‘ईव्ही मोड’ची चर्चा तिला लागूच होत नाही आणि मायलेजमधला फायदाही बेताचाच असतो.

स्ट्राँग हायब्रिडची गोष्ट निराळी. भारतात २०२२ मध्ये होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर आणि मारुती सुझुकी ग्रँड विटारा या गाड्या पाठोपाठ आल्या. इनोव्हा हायक्रॉसही त्याच वर्षाच्या शेवटी दाखल झाली. या गाड्यांत चाके स्वतंत्रपणे फिरवू शकेल अशी मोटर असते आणि इंजिन बंद ठेवून गाडी खरोखर चालते. एकाच मॉडेलमध्ये माइल्ड आणि स्ट्राँग असे दोन्ही प्रकार विकले जातात (ग्रँड विटारा हे त्याचे उत्तम उदाहरण), म्हणून बुकिंगच्या कागदावर व्हेरियंटचे पूर्ण नाव वाचावे. पुढचा सगळा मजकूर स्ट्राँग हायब्रिडबद्दल आहे.

बॅटरीचा हिशोब युनिटमध्ये करा

किलोवॉट-तास म्हटले, की बरेच जण तो भाग सोडून देतात. पण घरच्या वीजबिलातले एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-तास. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या बॅटरीत ४५ युनिटे मावतात. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमधली बॅटरी ०.७६ युनिटाची, म्हणजे जेमतेम पाऊण युनिटाची आहे. हे पाऊण युनिटही सगळे वापरता येत नाही. बॅटरी वर्षानुवर्षे टिकावी म्हणून गाडीचा संगणक तिला कधी काठोकाठ भरू देत नाही आणि तळापर्यंत रिकामीही होऊ देत नाही. हाताशी राहते ती निम्म्याच्या आसपास, साधारण ०.३५ ते ०.४ युनिट.

शहरातल्या वेगाने या आकाराची गाडी किलोमीटरमागे ०.१२ ते ०.१५ युनिट वीज खाते. भागाकार केला, की उत्तर येते दोन ते तीन किलोमीटर. बॅटरी वरच्या पातळीला असेल, रस्ता सपाट असेल आणि पाय हलका असेल, तर सलग इतके अंतर विजेवर जाता येईल. त्यापुढे इंजिन सुरू होणारच. ‘माझ्या गाडीचा ईव्ही मोड लगेच बंद होतो’ ही सर्व्हिस सेंटरमध्ये नेहमी येणारी तक्रार बहुतेक वेळा तक्रार नसतेच. ही बॅटरी म्हणजे दुकानाचा गल्ला आहे. दिवसभर तिच्यातून सुटे पैसे निघतात आणि तिच्यातच पडतात, पण शिल्लक कधीच मोठी नसते.

मग एवढ्याशा बॅटरीने मायलेज वाढते कसे? त्याची तीन कारणे आहेत. पहिले कारण, सिग्नलला आणि रखडत्या वाहतुकीत इंजिन बंद राहते. दुसरे, ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा परत बॅटरीत जाते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे असूनही त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. पेट्रोल इंजिन रांगत्या गाडीला ओढताना अत्यंत उधळे असते. या गाड्यांतले ॲटकिन्सन पद्धतीचे इंजिन योग्य भारावर चालले, तर इंधनातल्या ऊर्जेचा चाळीस टक्क्यांच्या जवळपास भाग कामी लावते. तेच इंजिन अगदी हलक्या भारावर चालवले, तर हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली घसरते. हायब्रिडचा संगणक इंजिनला शक्यतो या उधळ्या टप्प्यात चालू देत नाही. तो इंजिन चांगल्या भारावर चालवतो, जादा निघालेली वीज साठवतो आणि रांगण्याचे काम मोटरवर सोपवतो.

ब्रेकमधून किती मिळते, हेही एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. माणसांसह १४०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरच्या वेगात असते, तेव्हा तिच्यात सुमारे ०.०५ युनिट गतिज ऊर्जा असते. सावकाश ब्रेक लावून थांबल्यास तिच्यातली अर्ध्याहून थोडी अधिक बॅटरीत पोहोचते आणि त्यातून पुढचे दोनशे-अडीचशे मीटर निघतात. सिग्नलगणिक दोनशे मीटर हा आकडा किरकोळ वाटतो, पण कोथरूडहून हिंजवडीला जाताना गाडी किती वेळा थांबते ते आठवले, की शहरातच या गाड्यांचे फावते का, ते लक्षात येते.

‘साठ टक्के वेळ’ आणि ‘चाळीस टक्के अंतर’

टोयोटाने आपल्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांबाबत मानेसरच्या आयकॅट या चाचणीसंस्थेचा हवाला देऊन असा दावा केलेला आहे, की गाडी एकूण अंतराच्या चाळीस टक्के आणि एकूण वेळेच्या साठ टक्के इंजिन बंद ठेवून चालू शकते. यातला वेळेचा आकडा कानाला गोड लागतो, म्हणून तोच पुढे केला जातो. मात्र गाडी सिग्नलला दीड मिनिट उभी असते, ते दीड मिनिटही इंजिन बंद असल्यामुळे विजेच्याच खात्यात जमा होते. वाहतूक जितकी तुंबलेली, तितका हा टक्का फुगतो. अंतराचा टक्का अधिक प्रामाणिक आहे, पण त्यातही उतारावर नुसते घरंगळत आलेले किलोमीटर मोजलेले असतात. या टक्क्यांवरून दोन गाड्यांची किंवा दोन चालकांची तुलना करू नये. अखेर पंपावर पैसे पडतात ते लिटरचे.

कागदावरचा आकडा कुठून येतो

हायरायडर आणि ग्रँड विटारा यांचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, हायक्रॉसचा २३.२४ आणि सिटी ई:एचईव्हीचा बाजारात आली तेव्हाचा २६.५ असा आहे. हे आकडे खोटे नाहीत. ते प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून मिळवलेले आहेत. भारतीय चाचणीचक्र सुमारे वीस मिनिटांचे असून त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. वेग हळूहळू वाढतो आणि हळूहळू कमी होतो, मध्ये भरपूर थांबे असतात, रस्त्यावर चढ नसतो, गाडीत चार माणसे नसतात आणि एसी बंद असतो. हे वर्णन हायब्रिडसाठी जवळपास आदर्शच म्हणावे लागेल. म्हणून साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिडमध्ये कागद आणि रस्ता यांतले अंतर थोडे अधिक जाणवते.

त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्यामुळे, निव्वळ पेट्रोलपेक्षा या मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. गाडी या मिश्रणासाठी (ई-२०) बनवलेली असली, तरी ही तूट पूर्ण भरून निघत नाही.

माझा ठोकताळा असा आहे : प्रमाणित आकड्यातून एक चतुर्थांश वजा करावा आणि उरलेला आकडा बाराही महिन्यांची सरासरी म्हणून धरावा. २८ च्या गाडीला २१, २३ च्या गाडीला १७. चांगल्या हाताला आणि सोयीच्या रस्त्याला यापेक्षा जास्त मिळेल. एक्सप्रेसवेवर सतत शंभरने पळणाऱ्याला कमी मिळेल.

आपल्या रस्त्यावरून आपला आकडा काढा

कागद आणि पेन घेऊन महिन्याभराच्या धावपळीचे ढोबळ भाग करावेत : शहर, मोकळा हायवे, घाट आणि अगदी जवळच्या फेऱ्या. यातल्या प्रत्येक ठिकाणी हायब्रिडचा स्वभाव वेगळा असतो.

शहरातली तासाभराची, अधूनमधून पुढे सरकत राहणारी वाहतूक हे तिचे माहेरघर. हायरायडरच्या वर्गातल्या गाडीला इथे २० ते २४ धरायला हरकत नाही. मात्र मे महिन्यातली दुपार आली, की चित्र बदलते. या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गारवा मिळतो. ही सोय मोठी खरी, पण उन्हात तापलेली गाडी गार करताना तो दीड किलोवॉटच्या आसपास वीज ओढतो. अशा वेळी गाडी जागेवर उभी असली, तरी पंधरा मिनिटांत बॅटरीतला वापरण्याजोगा साठा संपत येतो आणि इंजिन सुरू होऊन तो पुन्हा भरू लागते. घोडबंदर रोडवर अर्धा तास एकाच जागी अडकल्यावर ‘गाडी उभी असताना इंजिन का धडधडतंय?’ असा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर हेच आहे. उन्हाळ्यात शहरातला आकडा दोन-तीन किलोमीटरने खाली येणे स्वाभाविक समजावे.

अगदी जवळच्या फेऱ्या, म्हणजे भाजी आणणे, मुलाला शिकवणीला सोडणे, या अनेकांना हायब्रिडसाठी उत्तम वाटतात. प्रत्यक्षात तिथे निराशाच होते. रात्रभर थंड पडलेले इंजिन आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्यासाठी बॅटरी भरलेली असली, तरी संगणक सुरुवातीला इंजिन चालवतो. दोन किलोमीटरच्या फेरीत ते तापेपर्यंत घर येते. दिवसभरात अशा चार सुट्या फेऱ्या करण्यापेक्षा एकाच फेरीत चार कामे उरकणे, हा मायलेज वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मोकळ्या हायवेवर हायब्रिडचे हुकमी पत्ते कमी होतात. ब्रेक क्वचित लागतो, म्हणून परत मिळवण्यासारखी ऊर्जा फारशी नसते. इंजिन आधीच चांगल्या भारावर असते, म्हणून सुधारायला वाव थोडा. उरतो तो हवेचा अडथळा, आणि तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८० वरून १२० वर गेल्यास हवेचा रोध सव्वादोन पट होतो. समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे म्हणून नागपूरपर्यंत त्याच वेगाने गेलात, तर लिटरला पंधरा-सोळाच्या आसपास उतरण्याची मनाची तयारी ठेवावी. तीच गाडी ८०-८५ ने नेल्यास २१-२२ दाखवू शकते. होंडाच्या पद्धतीत हायवेच्या स्थिर वेगाला क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडले जाते आणि टोयोटाच्या पद्धतीत ग्रहीय दातचक्रांतून शक्तीची वाटणी होते. तंत्रे वेगळी असली, तरी हवा दोघांनाही सारखीच अडवते. ‘हायब्रिड म्हणजे लांबच्या प्रवासाला कमी खर्चाची गाडी’ ही समजूत मला सर्वांत जास्त फसवी वाटते.

घाटाचा हिशोब मजेशीर आहे. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. १४०० किलोच्या गाडीसाठी ही उंची म्हणजे सुमारे दोन युनिटे ऊर्जा झाली. टायर, हवा आणि रूपांतरातली गळती वजा केली, तरी बॅटरीतल्या मोकळ्या जागेपेक्षा कितीतरी जास्त वीज मिळू शकली असती. पण जागाच नसते. बॅटरी अर्ध्या घाटात भरते, आणि मग संगणक जादा ऊर्जा जिरवण्यासाठी इंधन न देता इंजिन नुसते फिरवतो. उतारावर इंजिनचा आवाज अचानक वाढतो तो यामुळे. त्यात काही बिघाड नाही. लांब उतारावर गियरचा दांडा ‘बी’वर, म्हणजे इंजिनच्या ओढीने वेग रोखणाऱ्या स्थितीत घ्यावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. उलट आंबोलीसारखा सलग चढ चढताना बॅटरी रिकामी होत जाते, मोटरची साथ कमी होते आणि इंजिन (हायरायडर, ग्रँड विटारात ते तीनच सिलिंडरचे) एकट्याने ओरडत गाडी ओढते. चारचौघे आणि सामान घेऊन नेहमी घाट चढणाऱ्याने टेस्ट ड्राइव्ह चढावरच घ्यावी.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. व्हॉट्सॲपवर लिटरला ३२ किंवा ३५ दाखवणारे डॅशबोर्डचे फोटो फिरत असतात. अशा फोटोसोबत गाडी कुठून निघून कुठे पोहोचली, ते जरूर विचारावे. खंडाळ्याहून पनवेलला उतरलेली कोणतीही गाडी सुंदर आकडा दाखवते.

पैशाचा हिशोब

समजा, त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल ऑटोमॅटिक आणि स्ट्राँग हायब्रिड यांच्या किमतीत दोन लाखांचा फरक आहे आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये आहे. शहरात साधी गाडी १३ देते आणि हायब्रिड २० देते असे धरले, तर वर्षाला १५,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे सुमारे ४०० लिटर, म्हणजे ४२,००० रुपये वाचतात आणि फरक पाच वर्षांच्या आत वसूल होतो. तेवढेच किलोमीटर मुख्यतः हायवेवर झाले आणि आकडे १६ विरुद्ध १९ असे आले, तर बचत साडेपंधरा हजारांवर येते आणि वसुलीला तेरा वर्षे लागतात. वर्षाला ६,००० किलोमीटर शहरात फिरणाऱ्यालाही जवळपास बारा वर्षे लागतील. शांतपणा आणि सुरुवातीची सहज ओढ यांसाठी जास्तीचे पैसे मोजायला काहीच हरकत नाही; फक्त त्याला बचत म्हणू नये. आपल्या गावातला पेट्रोलचा दर, किमतीतला खरा फरक आणि वर्षाचे किलोमीटर घालून हा हिशोब बुकिंगपूर्वी स्वतः करावा.

चालवण्याची पद्धत

हायब्रिड घेतलेल्यांमध्ये एक खोड पटकन लागते : इंजिन सुरू होऊ नये म्हणून एक्सलरेटरला जेमतेम स्पर्श करत रांगत राहणे आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत राहणे. त्याचा फायदा होत नाही. इंजिनमधून जनरेटर, जनरेटरमधून बॅटरी आणि बॅटरीतून मोटर या फेऱ्यात ऊर्जेचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा गळतो. बॅटरी मुद्दाम तळाला नेली, की ती भरायचे काम इंजिनला करावेच लागते, आणि तेही बहुधा गैरसोयीच्या वेळी. ‘ईव्ही’चे बटण सोसायटीच्या तळघरातून पहाटे आवाज न करता गाडी बाहेर काढण्यासाठी आहे, रोजच्या रस्त्यावर त्याला हात न लावलेला बरा.

त्याऐवजी सिग्नल सुटल्यावर मध्यम जोराने, इंजिनला खुशाल चालू देऊन हवा तो वेग गाठावा आणि मग पाय क्षणभर पूर्ण उचलून पुन्हा हलकेच टेकवावा. बहुतेक वेळा इंजिन बंद पडते आणि गाडी मोटरवर तोच वेग राखते. पुढचा सिग्नल लाल दिसताच लांबूनच हलका ब्रेक धरावा. शेवटच्या क्षणी जोरात दाबलेल्या ब्रेकमध्ये घर्षणाचा वाटा वाढतो आणि वीज कमी जमा होते. डॅशबोर्डवर चार्जिंगचा काटा किंवा पट्टी असते. ब्रेक लावताना ती टोकाला न जाता मध्यावर राहील, एवढा सराव पुरेसा आहे.

जुन्या सवयीने सिग्नलला गाडी ‘एन’मध्ये टाकणाऱ्यांनी ती सवय सोडावी. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलला असताना इंजिन चालू असले, तरी बॅटरी चार्ज होत नाही. ‘डी’मध्ये ब्रेक धरून थांबावे, फार वेळ थांबायचे असेल तर ‘पी’ वापरावे. उन्हात उभ्या गाडीत बसताना आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मग एसी लावावा. टायरमधली हवा दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे, गाडी थंड असताना, महिन्यातून दोनदा तपासावी.

मोजायचे कसे

डॅशबोर्डवरचा आकडा अनेकदा थोडा उदार असतो. खरा आकडा टाकी ते टाकी या पद्धतीनेच मिळतो. नेहमीच्या पंपावर, शक्य तर त्याच नळीने, पहिल्या ऑटो कटपर्यंत पेट्रोल भरून घ्यावे. ‘राउंड फिगर करू का?’ या प्रश्नाला ठाम नकार द्यावा, कारण वरून कोंबलेले अर्धे लिटर सगळा हिशोब बिघडवते. ट्रिप मीटर शून्यावर आणावा. निदान पाचशे किलोमीटर झाल्यावर तिथेच, तशाच पद्धतीने पुन्हा भरावे. ट्रिप मीटर ७४२ दाखवत असेल आणि ३६.२ लिटर भरले गेले असेल, तर उत्तर आले २०.५. एकाच टाकीवरून मत बनवू नये. चार-पाच टाक्यांची बेरीज करून सरासरी काढावी आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘शहर’, ‘गावाला गेलो’, ‘पाऊस’ असा एखादा शब्द टिपून ठेवावा.

पावसाळ्यात ओले रस्ते, काचेवरची वाफ घालवण्यासाठी सतत चालू असलेला एसी आणि तुंबलेली वाहतूक यांमुळे आकडा उतरतो आणि ऑक्टोबरनंतर सावरतो. त्याची काळजी नको. पण रस्ता तोच, हंगाम तोच, हवा बरोबर आणि तरीही लागोपाठच्या तीन टाक्यांत आकडा दहा टक्क्यांहून जास्त घसरला, तर शोध घ्यावा. टपावर कॅरिअर बसवला का, टायर बदलले का, चाकांचे अलाइनमेंट बिघडले का, हे आधी पाहावे. त्यानंतर बॅटरीला हवा घेण्याची जाळी तपासावी. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत ती मागच्या आसनाजवळ असते आणि तिच्यासमोर दप्तर, उशी, किराण्याच्या पिशव्या येऊन बसतात. जाळी धुळीने बुजली किंवा झाकली गेली, की बॅटरी तापते आणि संगणक तिचा वापर आवरता घेतो. हे सगळे ठीक असेल, तर टाक्यांची वही घेऊन सर्व्हिस सेंटरला जावे आणि बॅटरीची तपासणी करून तिचा छापील अहवाल मागून घ्यावा. या बॅटऱ्यांवर टोयोटासारख्या कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात, आणि तिचा दावा करायची वेळ आलीच, तर ‘ॲव्हरेज कमी झालंय’ या तोंडी तक्रारीपेक्षा तारीखवार नोंदी आणि तो अहवाल जास्त कामाला येतो.